परवान्याला जोडलेलं निवेदन

आमच्या घरात अर्ज करायची पद्धत नव्हती. निवेदन द्यायची होती. पप्पांच्या मते अर्ज करणारा माणूस कमरेत वाकतो आणि निवेदन देणारा ताठ उभा राहतो. त्यामुळे नळाला पाणी कमी आलं की निवेदन, बसथांबा हलवला की निवेदन, माझ्या शाळेनं स्नेहसंमेलनाची वर्गणी सक्तीची केली तेव्हाही निवेदन. पप्पा टेलिफोन खात्यात होते, पण ती पोटाची नोकरी. खरं काम संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, पत्रकं लिहिण्याचं. वारज्यातल्या आमच्या घरात पलंगाखाली जादा गाद्या नसत, पत्रकांचे गठ्ठे असत. मला अक्षरओळख त्यांवरच झाली. ‘जाहीर निषेध’ मला ‘आगगाडी’च्या आधी लिहिता यायला लागलं, हे पप्पा पाहुण्यांना अजूनही सांगतात. ऐकताना मी अजूनही खूश होते. म्हणजे होत होते.

पप्पांचा दुसरा नियम होता की ‘मी’ लिहायचं नाही, ‘आम्ही’ लिहायचं. एकट्या माणसाचा कागद साहेब चहाच्या कपाखाली ठेवतो. म्हणून खाली नेहमी ‘समस्त रहिवासी’, ‘सर्व पालक’, ‘परिसरातील नागरिक’. त्यातल्या किती जणांना तो कागद दाखवलेला असायचा, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. मीही नाही. आणि मला तर सगळ्या गोष्टींवर प्रश्न विचारायची सवय.

आई या सगळ्यात नव्हती. ती दवाखान्यात परिचारिका होती, तिच्या पगारावर घर चालायचं आणि पप्पांच्या पगारातला बराचसा भाग छापखान्यात जायचा. निवृत्त झाल्यावर एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि तिनं फोन माझ्यापुढे धरला. लक्षद्वीपचा व्हिडिओ होता. पांढरी वाळू, आणि पाणी इतकं स्वच्छ की होडी हवेत टांगल्यासारखी दिसत होती.

“इथं पाण्यात उभं राहिलं की आपलीच पावलं दिसतात म्हणे,” ती म्हणाली. “मला जायचंय. गुडघ्यांच्या आधी.”

गुडघ्यांच्या आधी म्हणजे ऑपरेशनच्या आधी. दोन्ही गुडघे बदलायचे होते, मेअखेरीची वेळ मिळाली होती. त्यानंतर बराच काळ वाळूबिळू विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिवाय पावसाळा लागला की तिकडची जहाजं बेभरवशाची. जायचं तर एप्रिलमध्येच, नाहीतर कधी ते सांगता येत नाही. आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, सगळं मी करते. तू फक्त बॅग भर.

सगळं म्हणजे किती, ते मला नंतर कळलं. त्या बेटांवर नुसतं तिकीट काढून जाता येत नाही. परवाना लागतो. परवान्यासाठी आपल्या पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. आणि बेटावरचा कोणी रहिवासी लागतो, जो लिहून देतो की ही माणसं माझे पाहुणे आहेत, ती इथं नीट वागतील याची हमी माझी. याला सगळे स्पॉन्सर म्हणतात. परवाना आला की मग कोचीहून पुढचं जहाज किंवा छोटं विमान, आणि त्यातल्या जागा भराभर संपतात. माझा दादा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या कंपनीतल्या एकाचे काका तिथल्या एका बेटावर राहत होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारे. त्यांनी आमचं स्पॉन्सर व्हायचं कबूल केलं. आम्ही तिघं जाणार होतो, आई, दादा आणि मी. पप्पांनी आधीच जाहीर केलं होतं, “पोलिसांचा दाखला घेऊन समुद्र बघायला मी काही चोर नाही.”

“चोरांना देतच नाहीत हो,” आई म्हणाली. “तुम्ही राहा घरी. कुकर लावता येतो ना?”

दाखल्यासाठी ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा मी थोडी तयारीनंच गेले. कॉलेजात असताना मार्केट यार्डात हमालांच्या मागण्यांची पत्रकं वाटताना आम्हाला चौकीत बसवलं होतं, नावं लिहून घेतली होती. ते आता निघणार, मग मी काय बोलायचं, हे मी बसमध्ये मनात जुळवत गेले. टेबलामागच्या हवालदारांनी कागद उलटेपालटे केले.

“कुठं निघालाय?”

“लक्षद्वीप.”

“हनिमून का?”

“आईबरोबर.”

“बरं आहे. हनिमूनला लोक आईला विचारत नाहीत.” त्यांनी संगणकात काहीतरी पाहिलं. “तुमच्यावर काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही. का? पाहिजे होतं का?”

मी बाहेर आले ती खट्टू होऊन. आईच्या सहलीचा एक मोठा अडथळा दूर झाला होता आणि मी मात्र सरकारदरबारी माझी काहीच नोंद नाही म्हणून हिरमुसले होते. हे लिहिताना कान गरम होतायत, पण त्या दिवशी मला ते दुःख अगदी तत्त्वाचं वाटलं होतं.

तो राग मी घरी घेऊन आले. देशाच्या एका भागात जायला देशाच्याच नागरिकाला चारित्र्याचा दाखला का लागावा? फॉर्म भरताना शेवटी ‘इतर कागदपत्रे’ असा एक रिकामा रकाना होता. रिकामा रकाना आमच्या घरात रिकामा राहत नाही. मी निवेदन लिहिलं. इंग्रजीत पाठवायचं होतं, पण आधी मराठीत लिहिलं, कारण राग मला मराठीतच येतो.

चांगलं लिहिलं होतं, हेच वाईट आहे. ‘माझ्या आजोबांना ज्या गावात पाणवठ्यावर पाय ठेवायला मनाई होती, त्या गावाची वेस आम्ही ओलांडून आलो ती पुन्हा कोणाच्या वेशीवर हात जोडून उभं राहण्यासाठी नव्हे.’ असं वाक्य होतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्या पाणवठ्याची गोष्ट त्यांनी मागं टाकली नाही, बरोबर आणली, आणि ती आमच्या घरात अशी वापरली जाते, जशी दुसऱ्या घरांत लग्नातली पैठणी. मोठ्या प्रसंगाला काढायची. मी ती एका सहलीच्या फॉर्मला जोडली. आणि शेवटी, सवयीनं, लिहिलं की परवान्याची ही पद्धत रद्द व्हावी ‘अशी आमची, आमच्या कुटुंबीयांची आणि बेटावरील आमच्या यजमानांचीही भावना आहे.’

पप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “झकास,” म्हणाले. “यजमानांना घेतलंस ते उत्तम केलंस. वजन येतं.”

आई भाजी निवडत होती. “परवाना कधी येणार?” एवढंच तिनं विचारलं.

“येईल गं.”

मराठी मजकूर मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावरही टाकला. लोकांनी मुठी उंचावल्या, बदाम पाठवले. कोणीतरी लिहिलं, असं लिहायला धमक लागते. मी ते रात्री झोपताना पुन्हा उघडून वाचलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी दादाचा फोन आला, कंपनीच्या बसमधून, मागे गाड्यांचे भोंगे. “तू काय पाठवलंयस?”

“काय म्हणजे?”

“काका चिडलेत. तुला फोन करतील. नीट बोल. नीट म्हणजे काय ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतोय. फार बोलू नको.”

त्यांचा फोन आला तो मी गच्चीवर जाऊन घेतला. ते हिंदी बोलत होते, तिकडच्या वळणाचं, थांबून थांबून. परवान्याच्या कचेरीतून त्यांना साधा फोन आला होता. तुमच्या पाहुण्यांनी लिहिलंय की तुम्हालाही परवाना नको आहे, हे खरं आहे का? त्यांच्या बेटावर एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळतं. संध्याकाळी धक्क्यावर त्यांना चार जणांनी विचारलं. त्यांच्या सख्ख्या भावानं विचारलं, तू कधीपासून हे म्हणायला लागलास?

“मैंने कब बोला, मॅडम?” ते म्हणाले. “आपने मेरे को पूछा?”

मी म्हणाले, तसं नाही, तो एक व्यापक मुद्दा आहे. ‘व्यापक’ला हिंदीत काय म्हणतात ते मला सुचेना, मी ‘व्यापक’च म्हणाले.

“वो परमिट हमारे वास्ते है,” ते म्हणाले. तिथली जवळजवळ सगळी माणसं अनुसूचित जमातीची आहेत. बाहेरच्याला तिथं जमीन घेता येत नाही, वाटेल तेव्हा येऊन राहता येत नाही, कारण जमीनच मूठभर आहे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी त्याहून थोड्या. “बाहर का आदमी खुला आएगा तो हम किधर जाएगा? पीछे समंदर है, आगे भी समंदर है.” हे ते मला समजावून सांगत नव्हते. त्यांना मला शहाणं करण्यात रस नव्हता. ते संतापले होते, आणि संतापात माणूस जे आपल्या घरात रोजचं आहे तेच मोठ्यानं बोलतो, तसे बोलत होते. मग म्हणाले, “मैं साइन वापस लेता है. तीनों का. मेरे को इधर रहना है.”

फोन बंद झाला. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले.

मला माझंच कपाट आठवलं. त्यात जातीचा दाखला आहे, पडताळणीचं प्रमाणपत्र आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आईनं स्वतः ठेवलेलं. त्या कागदांच्या जोरावर मी शिकले. ‘आता कशाला हवं हे सगळं, सगळे सारखेच’ असं वर्गात कोणी म्हणालं की मी बाकावरून उठून भांडायचे. कोणाला संरक्षण का दिलेलं असतं हे मला तोंडपाठ होतं. आणि इथं एका जमातीला मिळालेलं संरक्षण मला त्रासाचं वाटलं तसं मी त्याला वेस म्हटलं. माझ्या आजोबांना अडवणारी वेस आणि या लोकांनी घराला लावलेली कडी, दोन्ही मी एकाच वाक्यात कोंबल्या. आजोबांना साक्षीला घेऊन. वर्गातली ती सगळी मुलं, ज्यांच्याशी मी भांडले, यापेक्षा वेगळं काय म्हणत होती?

खाली येऊन आईला सांगायला मला जेवण होईपर्यंत लागलं. पप्पा होते. मी सगळं सांगितलं, फक्त ‘ते जरा नाराज झालेत’ अशी सुरुवात केली, जणू नाराज होणं हा त्यांचा दोष. पप्पा म्हणाले, “त्यांना दुसऱ्या बाजूनं समजावून सांगायला हवं. मी एक पत्र लिहितो—”

“तुम्ही काही लिहू नका,” आई म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे हात केला. “दाखव, काय लिहिलंस ते.”

तिनं माझं निवेदन तेव्हा पहिल्यांदा वाचलं. फोन लांब धरून, ओठ हलवत. आजोबांच्या वाक्यापाशी थांबली. ते तिचे सासरे. त्यांचं शेवटचं आजारपण तिनं काढलं होतं, मी तेव्हा तिसरीत. मग शेवटापर्यंत आली.

“‘आमच्या कुटुंबीयांची भावना,’” तिनं वाचलं. “हे कुटुंबीय म्हणजे मी का?”

मी ताटातली शितं बोटानं गोळा करायला लागले.

“मला तर पावलं बघायची होती गं. माझी अशी काही भावना नव्हती.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं. तिनं ताटं उचलली, ओटा पुसला, आणि दादाकडून नंबर घेऊन स्वयंपाकघरातून काकांना फोन लावला. दार उघडंच होतं. आईचं हिंदी दवाखान्यातलं आहे, निम्मं मराठी, पण पेशंटच्या नातेवाइकांना धीर देऊन देऊन पक्कं झालेलं.

“भाईसाब, मैं उसकी माँ बोल रही हूँ. हाँ. नहीं, नहीं, आप बोलो, मैं सुनती हूँ.” बराच वेळ ती ऐकत होती. “आप बराबर बोल रहे. उसने आपके नाम से बोला, वो गलत हुआ. मेरे नाम से भी बोला, मेरेको भी नहीं पूछा.” मग म्हणाली, “मैं माफी मांगती हूँ.”

दवाखान्यात एकदा मेट्रननं तिला खोटा ठपका दिला होता. माफी माग आणि विषय संपव, असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं मागितली नाही, सहा महिने रात्रपाळी घेतली. ती हकीकत आमच्या घरात पत्रकात कधी छापली नाही, पण मला ती कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त ठाऊक होती. आणि आता ती ओट्यापाशी उभी राहून, एका हातानं गुडघा धरून, माझ्या वाटची माफी मागत होती. मी बाहेर पंख्याखाली बसले होते. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, पण टीव्ही बंद केला नव्हता. आम्ही दोघं मुका टीव्ही बघत राहिलो.

ती बाहेर आली. “मला आणि दादाला ते घेतील. तुला नाही. तुझी हमी मी कशी देऊ म्हणाले.” मग म्हणाली, “मी म्हटलं, बरोबर आहे.”

पुढचं सगळं मीच केलं, तेवढंच माझ्या हातात होतं. जोडलेला कागद मागे घेत असल्याचं कचेरीला कळवलं. त्यात ‘मी’ लिहिलं, आणि यजमानांचा त्याच्याशी संबंध नव्हता हेही. दोघांचा नवा फॉर्म भरला, ‘इतर कागदपत्रे’ कोरं सोडलं. परवाना यायला उशीर झाला. तोवर छोट्या विमानातल्या त्या दिवसाच्या जागा संपल्या. दादाची रजा पुढे ढकलायला लावली, तो मला हिंजवडीच्या गर्दीतून फोनवर जे बोलला ते मी ऐकून घेतलं. शेवटी जहाजात दोन जागा मिळाल्या, आईला वरच्या डेकवर चढताना त्रास होईल म्हणून खालच्या मागून घेतल्या. पुण्याहून कोचीच्या विमानातली माझी जागा रद्द केली.

पानावरचा मजकूर मी काढून टाकला होता. तो का काढला, असं विचारणारे निरोप आले. ‘दबाव आला का?’ एकानं विचारलं. ‘आम्ही तुझ्यासोबत आहोत,’ दुसऱ्यानं. हे मी सांगितलंच पाहिजे की तो ‘दबाव’ शब्द मला आवडला. मी संध्याकाळपर्यंत उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंत मी, एका निवृत्त माणसाला त्याच्याच धक्क्यावर मान खाली घालायला लावणारी मी, काही लोकांच्या लेखी दडपलेला आवाज होते. मग लिहिलं, ‘दबाव नव्हता. मी चुकीचं लिहिलं होतं आणि दुसऱ्याच्या नावानं लिहिलं होतं.’ त्यावर कोणी मूठ उंचावली नाही. एकानं विचारलं, म्हणजे नेमकं काय? मी सविस्तर उत्तर लिहायला घेतलं, तीन परिच्छेद झाले, आणि त्या तिसऱ्या परिच्छेदात मी पुन्हा छान दिसायला लागले होते. मी तो पुसला.

लोहगावच्या विमानतळावर त्यांना सोडायला पप्पाही आले. आईनं नवी सँडल घेतली होती, मागं पट्टा असलेली. पप्पांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि काहीच बोलले नाहीत, हे त्यांचं मला माहीत असलेलं सर्वांत लहान भाषण.

बेटावर पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडे नेटवर्क येऊन जाऊन होतं. चित्र अडखळत होतं, पण रंग दिसत होता, तोच, व्हिडिओतला. आई पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, साडी घोट्याच्या वर खोचलेली. दादा म्हणाला, “थांब, काकांना बोलायचंय,” आणि फोन त्यांच्या हातात गेला.

मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पिकलेली दाढी, बनियन, डोळ्यांवर ऊन म्हणून आडवा धरलेला हात. माझ्या तोंडाशी माफीचे शब्द होते, कितीतरी दिवस घोटलेले. त्यांनी त्यांना जागाच दिली नाही.

“मम्मी को पानी में जाने का है,” ते म्हणाले. “बोलती है डॉक्टर ने हाँ बोला. सच है क्या? बाद में घुटने को कुछ होगा तो मेरे ऊपर आएगा.”

मला ठाऊक नव्हतं. निवेदन लिहीत होते त्याच दिवसांत डॉक्टरांकडे आईला घेऊन मीच गेले होते, पण ती आत होती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर फोनमध्ये मान घालून बसले होते. आजोबांचं ते वाक्य मी तिथंच लिहिलं होतं. आत काय बोलणं झालं ते मी तिला नंतरही नीट विचारलं नव्हतं.

एरवी मी ‘हो’ म्हटलं असतं. तिला जायचंय, म्हणजे हो.

“मुझे मालूम नहीं,” मी म्हणाले. “उन्हीं से पूछिए. वो नर्स थी, झूठ नहीं बोलेगी.”

ते ‘अच्छा’ म्हणाले, नाराजीनं की सहज, कळलं नाही. फोन कुठेतरी उताणा ठेवला गेला. पडद्यावर नुसतं आकाश आलं. त्याच्या खालून आवाज येत होते. काका तिला काहीतरी विचारत होते आणि आई, दवाखान्यातल्या हिंदीत, गुडघ्याचं सगळं पहिल्यापासून सांगत होती. मग पाण्याचा आवाज, आणि तिचा दादाला, “अरे, दंड नको धरूस, बोट धर फक्त.” मी फोन तसाच धरून ठेवला. मग नेटवर्क गेलं.